कोहळं फोडायला माणूस हवा

घाटंजी, १६ जून १९५७, रविवार

रामीबाईनं आज माझ्याशी भांडणच काढलं, आणि तेही माझ्याच परसावरून. ती बंजाऱ्यांच्या तांड्यावरून एक दिवसाआड जळणाची मोळी घेऊन येते. मोळी टाकते, तांब्याभर पाणी पिते आणि जाताना एखादा सल्ला देऊन जाते. आज मोळी टाकून सरळ मागे गेली, न्हाणीचं पाणी जिथे मुरतं तिथे कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, येवढी जागा पडीत काहून ठेवली? पाणी फुकट चाल्लं सारं. इथं कोहळं लावा. माह्याजवळ बी हाये, माह्या याडीच्या हातचं." आईला ती याडी म्हणते. आणि कोहळं म्हणजे आपला लाल भोपळा.

म्हटलं, वांगी लावीन, दोडकी लावीन, कोहळं नको.

"काहून नको?"

आता तिला काय सांगायचं? आमच्या घरांतून सबंध कोहळ्याला बाई पहिलं हत्यार लावत नाही. घरच्या पुरुषानं ते फोडून द्यायचं, मग बाईनं हव्या तेवढ्या फोडी कराव्या. सासूबाई होत्या तोवर म्हणायच्या, कोहळं म्हणजे घरचा थोरला लेक, त्याच्यावर बाईनं कोयता उचलू नये. माझ्या घरात थोरला नाही की धाकटा नाही, लग्नाला अकरा वर्षं झाली. आणि फोडून देणारे आहेत ते भोपाळला. गेल्या नोव्हेंबरात राज्यं बदलली, नागपूरचं सचिवालय उठलं, आम्ही घाटंजीसकट मुंबई राज्यात आलो आणि हे आपल्या फायलींबरोबर मध्य प्रदेशात गेले. नागपूरला होते तेव्हा महिन्यातून दोनदा येत. आता सात महिन्यांत एकदाही येणं झालेलं नाही. क्वार्टर मिळालं की मला नेणार आहेत. तोवर मी जनपद सभेच्या मुलींच्या शाळेत तिसरीचा वर्ग सांभाळते आहे. भोपाळात म्हणे माणसं फार आणि खोल्या थोड्या. तिघांत मिळून एक खोली केली आहे आणि जेवण खानावळीत.

रामीबाईला एवढंच विचारलं, "फोडणार कोण?"

"आधी लावा त खरं," ती म्हणाली. "फोडाचं मंग पाहू."

ह्यांना पत्र टाकून विचारलं आहे.

४ जुलै

ह्यांचं कार्ड आलं. "परसात कोहळे लावू नये असे माझे मत आहे. कोहळे फोडायला घरात माणूस हवा. शिवाय वेलाच्या अडचणीत सापकिरडू येते. बाकी क्षेम." एवढंच. पण सापाचं लिहिलं ते वाचून बरं वाटलं. माणूस दूर असला तरी त्याच्या डोक्यात आपलं मागचं दार, तिथला ओलावा, आपले अनवाणी पाय हे सगळं असतंच की.

शेजारच्या नानाजींना कार्ड दाखवलं. कोर्टात तीस वर्षं कारकुनी करून बसलेले. वडिलांच्या ठिकाणी आहेत मला. त्यांनी चष्मा लावून कार्ड उलटसुलट पाहिलं. म्हणाले, "नको म्हणतो तर नको लावू, पोरी."

सगळ्यांचं नको असलं की मला ते हवं होतं, ही जुनी खोड. पण खरं कारण ते नाही. ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही, तर लिहून टाकते. कोहळं लागलं की ते फोडायला घरच्या माणसाला यावं लागेल. हे स्वतःच तसं लिहितात. फोडायला माणूस हवा. मग या ना.

७ जुलै

लावलं. रामीबाईनं पाच जागी आळी केली, प्रत्येकात तीन बिया उभ्या खोचल्या. मी शेणखत आणि राख घातली. हात धुताना तिनं विचारलं, "सायब कव्हा येनार हाये?" म्हटलं, दिवाळीत. ह्यांनी तसं कळवलेलं नाही. पण तोंडातून निघून गेलं आणि निघाल्यावर खरंच वाटायला लागलं.

२८ जुलै

वेल म्हणजे काय प्रकरण असतं याची मला कल्पना नव्हती. सकाळी शाळेत जाताना वेलाचं टोक कुंपणाशी असतं आणि संध्याकाळी परत येते तर ते कुंपणापलीकडे नानाजींच्या तुळशीची चौकशी करत असतं. माझा मोगरा त्यानं गिळला. न्हाणीच्या छपरावर, कवेलूंवर चढला. काल एक तंतू दोरीवरच्या माझ्या लुगड्याला धरून बसला होता, सोडवायला दहा मिनिटं लागली. मी त्याला रागावले, आणि रागावताना हसत होते. घरात कोणाला तरी रागावण्याची सवयच गेली होती.

११ ऑगस्ट

फुलं ढीगभर, फळ एक नाही. पिवळीजर्द फुलं सकाळी उघडतात आणि दुपारपर्यंत मलूल होऊन गळतात. काही फुलांच्या बुडाशी सुपारीएवढं कोहळं दिसतं, मी आशेनं बघते, तिसऱ्या दिवशी ते पिवळं पडून खाली. रामीबाई म्हणते पाऊस लई झाला, माशा फिरत नाहीत. ह्यांना लिहिलं. काय उपयोग म्हणा, ह्यांना वांग्याचं आणि मिरचीचं झाड वेगळं ओळखता येत नाही. लिहायला विषय मिळाला, म्हणून लिहिलं.

२३ ऑगस्ट

नवल झालं. ह्यांचं पत्र, आणि कार्ड नव्हे, पाकीट! दोन पानं भरून. भोपाळला गेल्यापासून एवढं लांब पत्र पहिलंच. त्यातला मजकूर इथे उतरवून ठेवते, नाहीतर पत्राची घडी उलगडून उलगडून फाटेल.

"ज्या फुलाचा देठ सरळ असून बुडाशी फळ नाही ते नर फूल. सकाळी सातच्या आत ते तोडावे, पाकळ्या काढून टाकाव्यात आणि आतली दांडी मादी फुलाच्या मधोमध अलगद फिरवावी. एका नर फुलात दोन मादी फुले होतात. ऊन चढल्यावर केल्यास उपयोग नाही. फळ धरल्यावर त्याच्या खाली कवेलूचा तुकडा ठेवावा, म्हणजे ओलीने बूड नासत नाही. शेंडा खुडण्याची घाई करू नये. तोडताना चार बोटे देठ राखावा."

वाचून मी थक्क झाले. ह्यांना हे सगळं कुठून माहीत? खानावळीत कोणी बागवान जेवायला येत असेल, किंवा माझ्यासाठी मुद्दाम पुस्तक मिळवून वाचलं असेल. दुसरंच असावं. माणूस बोलून दाखवत नाही पण करतो. मी उगाच मनात काहीबाही आणत होते, त्याची लाज वाटली.

नानाजींना पत्र वाचून दाखवलं. त्यांनी पत्र मागून घेतलं आणि पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "अक्षर छान आहे कमलाकरचं." एवढ्या पत्रात नानाजींना अक्षरच दिसलं!

२४ ऑगस्ट

साडेसहाला उठून फुलांच्या मागे लागले. हाताला पिवळी धूळ लागते, ती शाळेत जाईपर्यंत निघत नाही. रामीबाई बघत उभी होती. "हे कोनं शिकवलं?" म्हटलं, आमच्या घरच्यांनी, पत्रातून. तिनं मोळी खाली टेकवली. "त्यायनं कुठं लावलं होतं?"

"लावायला कशाला पाहिजे? पुस्तकात असतं."

"पुस्तकात," ती म्हणाली, आणि पाणी न पिताच गेली. काही बायकांना दुसऱ्याचं कौतुक सोसत नाही.

२२ सप्टेंबर

पाच कोहळी धरली आहेत. मोठं आता कळशीएवढं आहे. प्रत्येकाखाली पत्रात सांगितल्याप्रमाणे कवेलू ठेवलं आहे. वर्गातल्या मुली बघायला आल्या तेव्हा एकीनं बोट दाखवलं, बाकीच्या सगळ्या तिच्यावर ओरडल्या, "बोट नको दाखवू, कुजते ते!" मग ती बिचारी मूठ वळून मुठीनंच दाखवायला लागली. मला हसू आलं. पण त्या गेल्यावर मी त्या कोहळ्याजवळ जाऊन त्याला चांगलं चाचपून पाहिलं. टणक होतं.

१३ ऑक्टोबर

कोहळी तोडली. देठ चार बोटं राखला. सालीवर नख रुतत नाही इतकी पिकली आहेत. माळ्यावर कडबा पसरून त्यावर ओळीनं मांडली. एक रामीबाईला दिलं. सबंध दिलं, तिच्या घरी मालक आहे.

तिला विचारलं, "तुमच्यात कोण फोडतं?"

"मालक असला त मालक. नाई त मी." ती कोहळं डोक्यावर ठेवत म्हणाली. "तो बैलबंडी घेऊन गेला की महिना महिना येत नाई. तवरक कोहळ्यानं काय त्याची वाट पाह्याची?"

तांड्याचं वेगळं, आमचं वेगळं, असं मी तिला सांगितलं. ती हो म्हणाली. ती हो म्हणते तेव्हा मला तिचा जास्त राग येतो.

दिवाळी आठ-नऊ दिवसांवर आहे. ह्यांना आग्रहानं लिहिलं आहे.

२१ ऑक्टोबर

कार्ड. ऑफिसची जागा बदलते आहे, रजा नाही. "कोहळे टिकते. घाई करू नये."

२४ ऑक्टोबर

फराळाचं ताट घेऊन नानाजींकडे गेले. त्यांना माळ्यावरच्या कोहळ्यांचं ठाऊक आहे. म्हणाले, "आण इकडे एखादं, मी फोडून देतो. मी काय परका आहे? भाऊबीजेला घारगे कर."

त्यांच्या मनात काही नव्हतं, मला कळत होतं. पण एकदम अंगावर काटा आला. शेजारच्याकडून कोहळं फोडून घ्यायचं म्हणजे आमच्या घरात पुरुष नाही हे साऱ्या आळीला सांगणंच. असं फक्त बोडक्या बायका करतात, आणि त्याही खाली मान घालून. मी म्हटलं, "घरचे असताना कशाला? कोहळं टिकतं." ह्यांचंच वाक्य वापरलं. नानाजी बरं म्हणाले आणि अनारसा उचलला.

घरी येऊन माळ्यावर चढले. चारही कोहळी उलटीपालटी करून पुन्हा नीट बसवली. घारग्यांची इच्छा झाली होती. ती मेली.

८ डिसेंबर

दर रविवारी कोहळी फिरवायची, म्हणजे एकाच अंगावर राहत नाहीत. शाळेत हजेरी घ्यावी तसं झालं आहे.

ह्यांचं नोव्हेंबरात एक कार्ड आलं होतं, त्यानंतर नाही. क्वार्टरचं मी आता विचारत नाही. विचारलं की पुढचं कार्ड उशिरा येतं, हे माझ्या ध्यानात आलं आहे.

१४ जानेवारी १९५८, संक्रांत

सकाळी माळ्याखाली दोन थेंब पडलेले दिसले. वर जाऊन पाहिलं तर कोपऱ्यातलं कोहळं बुडाशी मऊ झालं होतं. हात लावताच बोटं आत गेली. वास सुटला होता. परवापर्यंत टणक होतं, मी स्वतः फिरवलं होतं.

पाटीत घालून परसात खड्डा करून पुरलं. सबंधच पुरलं. म्हणजे बाईनं कोहळं कुजू दिलं तर चालतं, मातीत टाकलं तर चालतं, फक्त फोडलं तर चालत नाही. हे वाक्य मनात आलं आणि मी इकडेतिकडे पाहिलं, जसं काही सासूबाई ऐकतायत.

वाण द्यायला बायका आल्या तेव्हा एकीनं विचारलं, "तुमचे हे नाही आले का यंदाही?" यंदाही! गेल्या संक्रांतीला जाऊन दोन महिनेच तर झाले होते. लोक महिने मोजत नाहीत, सण मोजतात. तिच्या हातावर तिळगूळ ठेवला.

रात्री निजण्यापूर्वी ह्यांना लिहिलं. "एक नासलं. तीन उरली आहेत. आपण यावे." दुसरं काही लिहिलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

आले! काल संध्याकाळच्या यवतमाळच्या मोटारीनं आले. पंधरा महिन्यांनी. तब्येत सुधारली आहे. खानावळीचं जेवण मानवलेलं दिसतं. कोटाची बटणं सगळी जागेवर, एक तर नवं शिवलेलं, आणि दोरा अगदी रंगाला रंग. पूर्वी बटण तुटलं की माझ्या नावानं शंख व्हायचा.

आज सकाळी अंघोळ झाल्यावर मी माळ्यावरून कोहळं काढलं, पाट मांडला, कोहळ्याला हळदकुंकू लावलं आणि कोयता पुढे ठेवला. मला वाटलं होतं नागपूरला असताना करायचे तसं करतील. एक घाव घालून, जीभ चावून, "घे बाई तुझं" म्हणून उठतील. पण ह्यांनी कोहळं हातात घेऊन टिचकी मारून पाहिलं, देठ बघितला, मग रेषेवर कोयता टेकवून एका दमात बरोबर दोन भाग केले. गर काढला, बी वेगळं केलं, धुतलं आणि कागदावर पसरून अंगणात उन्हात ठेवलं. सगळं न सांगता. मी बघतच राहिले.

भाजी चुलीवर टाकायला घेतली तर म्हणाले, "साल काढ. आमच्याकडे साल काढूनच करतात. आणि मेथीदाणे घालून बघ." खानावळीला आमच्याकडे म्हणावं इतके रुळलेत बिचारे तिथे. मी मेथीदाणे घातले. ह्यांनी दोनदा भाजी घेतली. जेवताना मी खूप बोलले, शाळेचं, रामीबाईचं, वेलानं लुगडं धरून ठेवल्याचं. हे ऐकत होते. मधूनच माझ्याकडे बघत आणि मी बघितलं की ताटाकडे.

आज मी फार सुखात आहे. आळीत सगळ्यांना कळलं आहे की आमच्याकडे कोहळं फुटलं.

१८ फेब्रुवारी

सकाळच्या मोटारीनं गेले.

काल संध्याकाळी उन्हातलं बी गोळा करताना म्हणाले, "हे मला बांधून दे. जात चांगली आहे. तिकडचं पाणचट निघालं."

"तिकडचं म्हणजे?"

"क्वार्टरमागे लावलं होतं."

मी भाकरीचं पीठ मळत होते. म्हटलं, "क्वार्टर मिळालं?"

"वर्ष झालं."

"नंबर काय?" मी हे का विचारलं मला माहीत नाही. ह्यांनीही सांगितला. सदतीस. विचारल्या प्रश्नाचं उत्तर द्यायची कारकुनाची सवय.

मग मी विचारलं, "लावणार कोण?"

हे अंगणाकडे बघत होते. म्हणाले, "तिला हौस आहे."

मी पीठ मळत राहिले. हे सांगत राहिले, खालच्या आवाजात. लग्न गेल्या वर्षी माघात लावून घेतलं. माणसं चांगली आहेत. तिला ह्यांनी सांगितलं आहे की घाटंजीला आपली बहीण असते, तिला भेटून येतो. माझ्या नावानं घर करून देतील. "तू तर इथे रमलीच आहेस," असंही म्हणाले. मला आठवतं त्याप्रमाणे मी एकच बोलले, "भाकरीबरोबर काय देऊ, झुणका की चटणी?"

पहाटे शिदोरीच्या भाकऱ्या केल्या. तवा तापलेलाच होता. कागदातलं बी तव्यावर ओतलं आणि हलवत राहिले. करपू दिलं नाही. रंगसुद्धा बदलू दिला नाही. दोन-चार तडतडल्या तशी उतरवलं. बाहेरून हे म्हणाले, "काय भाजतेस?" म्हटलं, जिरं. गार झाल्यावर फडक्यात बांधून ह्यांच्या हातात दिलं. पिशवीत वरच ठेवलं, चिरडू नये म्हणून.

मला त्या वेळी फार बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

२३ फेब्रुवारी

शाळेत गेले, आले. चार दिवस कोणाला काही कळू दिलं नाही. आज नानाजींना सांगितलं. ते म्हणाले, "मला ते फुलांचं पत्र ऐकलं तेव्हाच समजलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू वाचत होतीस तेव्हा तुझं तोंड मला दिसत होतं, पोरी."

मग त्यांचा कोर्टातला आवाज निघाला. नवा कायदा झाला आहे, पहिली असताना दुसरी करता येत नाही, सरकारी नोकराला तर नाहीच. अर्ज मी लिहून देतो, नोकरी जाईल कमलाकरची. म्हटलं, "नोकरी गेली की इथेच येऊन बसतील. मग मी काय करू?" नानाजी हसले, आणि मग आम्ही दोघंही हसलो नाही.

मला ते आता परत नको आहेत. हे वाक्य लिहून पाहिलं. पाऊण खरं आहे.

२६ फेब्रुवारी

रामीबाईला वाटलं मी आजारी आहे. सगळं सांगितलं. ती जमिनीवर बसून ऐकत होती आणि मधूनमधून ह्यांच्या नावानं जे बोलत होती ते वहीत लिहिण्यासारखं नाही. मग मी बियांचं सांगितलं. वाटलं होतं ती टाळी देईल.

तिचा चेहराच बदलला. "बी भाजलं?"

"हो."

"भाजून लावाले देल्लं?" ती उठून उभी राहिली. "बाई, हे तुमी चांगलं नाई केलं. त्या मानसाच्या भाजीत माती घालाची होती, मी हसली असती. बी कोनी मारत असते काय? ते बाई आता आळं करन, पानी घालन, रोज सकायी मातीकडं पाहीन. आज उगवन, उद्या उगवन. तिले वाटन आपल्याच हातात काई दोष हाये." आणि मग सावकाश म्हणाली, "तिनं तुमचं काय केलं? तिले त तुमी हाये हेबी ठावं नाई."

मी म्हटलं, तुला काय कळतं. ती पैसे न घेता गेली.

१ मार्च

रोज सकाळी तीच डोळ्यांपुढे येते. मी तिला पाहिलेलं नाही, तरी आळ्याशी वाकलेली पाठ दिसते. वाट पाहण्यात काय असतं ते मला कोणी शिकवायला नको. कार्डाची वाट, मोटारीची वाट. त्यातलं सगळ्यात वाईट म्हणजे आपल्याला वाटतं, आपलंच काही चुकलं असेल. ते मी एका अनोळखी बाईला फडक्यात बांधून पाठवलं.

चांगलं बी पाठवायला हवं. माझ्याकडे सुटं बी एकही नाही. आहे ते माळ्यावरच्या दोन कोहळ्यांच्या पोटात.

नानाजींना हाक मारली तर येतील. येऊन फोडून देतील.

२ मार्च, रविवार

नानाजींना बोलावलं नाही.

आधी मागचं दार लावून घेतलं. मग वाटलं, चोरी करते आहे का मी? दार उघडलं. पाट मांडला. हळदकुंकू लावावं की नाही ते कळेना, शेवटी नुसता स्वच्छ हात फिरवला. कोयता टेकवला आणि तसाच धरून किती वेळ बसले कोण जाणे. सासूबाई आठवल्या. थोरला लेक आठवला, जो कधी झालाच नाही. मग घाव घातला.

कोयता अर्धा आत जाऊन रुतला. पुढेही जाईना, मागेही येईना. मी घामाघूम. शेवटी वरवंटा आणून कोयत्याच्या पाठीवर हाणला, तीन वेळा, चार वेळा, आणि कोहळं फुटलं. वाकडंतिकडंच फुटलं, एक भाग मोठा, एक लहान. आत शेंदरी गर, आणि बी ठासून भरलेलं.

काही झालं नाही. कवेलू पडलं नाही. रस्त्यानं कोणीतरी बाजाराला चाललं होतं, त्याच्या बैलाच्या घंटा वाजत होत्या. मी त्या कोहळ्यापाशी बसून रडले, मोठ्यानं रडले, दार उघडं असतानाच. मग उठून तोंड धुतलं आणि भाजी केली, सालीसकट. चांगली झाली होती.

५ मार्च

बी दोन दिवसांत खडखडीत वाळलं. निवडून निवडून तीस बिया घेतल्या, भरदार तेवढ्याच. उरलेलं रामीबाईला दिलं. तिनं मूठ उघडून पाहिलं, एक बी दाताखाली धरून पाहिलं, कच्चं आहे का म्हणून. मग कंबरेला खोचलं आणि मोळी उतरवली. पाणीही प्यायली.

तिला विचारलं, "तू असतीस तर त्या बाईला कळवलं असतंस? माझ्याबद्दल?"

"मी कायले सांगू?" ती म्हणाली. "तुमी ठरवा."

मी ठरवलं आहे. तिचा संसार मला मोडायचा नाही. तिला माझ्याकडून फक्त बियांपुरतं कळेल, त्याच्या पलीकडे एक अक्षर नाही.

संध्याकाळी पत्र लिहायला बसले. नाव माहीत नाही म्हणून "क्वार्टर नंबर ३७ मधील ताईंस" असा मायना घातला. मजकूर असा: "आपल्याकडे पोचलेले कोहळ्याचे बी चुकून भाजले गेले आहे. ते उगवणार नाही. त्याची वाट पाहू नये. सोबत दुसरे पाठवीत आहे. आळ्यात पाणी साचू देऊ नये." पुन्हा वाचलं आणि "चुकून" हा शब्द खोडला. मुलींना मी खोटं लिहू देत नाही, तर आपण कशाला लिहावं?

नंतर खाली सही केली, शाळेच्या मस्टरवर रोज करते तशीच, सावकाश आणि पूर्ण:

सौ. सुहासिनी कमलाकर चांदूरकर